एकाच नावाची दोन कार्डं

प्रश्न: ताई, आमच्या माध्यमिक शाळेच्या संगणक खोलीत माजी विद्यार्थ्यांनी दिलेले ८ संगणक आहेत. सगळ्यांवर लिनक्स मिंट २१ टाकलंय. त्यातल्या दोन संगणकांत एनव्हिडियाचं जीटी ७३० ग्राफिक्स कार्ड आहे, प्रोसेसर दोन्हीकडे इंटेलचा आय३-४१३०. एकावर ड्रायव्हर मॅनेजरमधून ४७० क्रमांकाचा ड्रायव्हर टाकला, झकास चालला. दुसऱ्यावर यादीत फक्त ३९० दिसत होता. कार्ड तेच, मग ड्रायव्हर जुना कशाला, म्हणून टर्मिनलमधून ४७०च टाकला. तेव्हापासून मिंटचं चिन्ह येतं आणि पुढे पडदा काळा. कार्ड जळलं असेल का? मुख्याध्यापक रोज विचारतात.
— एक संगणक शिक्षक, बार्शी तालुका

उत्तर: सर, कार्ड जळलेलं नाही. मुख्याध्यापकांना आजच सांगून टाका, म्हणजे तुम्हाला शांतपणे काम करता येईल.

‘कार्ड तेच’ असं तुम्ही लिहिलंय, घोळ तिथेच आहे. जीटी ७३० या नावाखाली दोन वेगळ्या पिढ्यांच्या चिप विकल्या गेल्या. काही कार्डांत जीएफ१०८ ही फर्मी पिढीची चिप आहे, ९६ कोअरची. काहींत जीके२०८, म्हणजे त्यानंतरच्या केप्लर पिढीची, ३८४ कोअरची. खोक्यावर दोन्हीकडे जीटी ७३०च. आमच्या आळीत दोन सुमनताई होत्या, एकीची मनीऑर्डर हमखास दुसरीकडे जायची, त्यातलीच ही गत. गंमत म्हणजे जुन्या चिपच्या कार्डावर मेमरीची रुंदी १२८ बिट लिहिलेली असते आणि नव्यावर ६४, त्यामुळे खोकी शेजारी ठेवून बघणाऱ्याला जुनंच भारी वाटतं. वीज मात्र जुनं ४९ वॅटपर्यंत खातं, नवं त्याच्या निम्मीच.

ड्रायव्हर मॅनेजर नाव वाचत नाही, चिपचा ओळख क्रमांक वाचतो. एनव्हिडियाने फर्मीची साथ ३९० या मालिकेवर सोडली आणि केप्लरची ४७० वर. म्हणून एकीकडे ४७० दिसला, दुसरीकडे ३९०. यादी बरोबर होती, सर. खात्री करायची तर टर्मिनलमध्ये ‘एलएसपीसीआय’ एवढंच टाइप करा. (कमांड इथे देवनागरीत छापतो, टाइप करताना अर्थातच इंग्रजी लहान अक्षरं.) व्हीजीए असं लिहिलेल्या ओळीत कार्डाच्या नावाआधी चिपचं नाव येतं, जीएफ की जीके ते तिथे कळेल. कळलं की कार्डावर मार्करने लिहून ठेवा. मी कराडला पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये १९ वर्षं होते, आणि असं लिहून न ठेवल्याचा पश्चात्ताप दर उन्हाळ्यात केलाय.

आता पडदा काळा का पडला? ४७० पॅकेज बसताना ते नुव्होला, म्हणजे आधीपासून कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) असलेल्या मुक्त ड्रायव्हरला, काळ्या यादीत टाकतं. एका कार्डावर दोघांनी हक्क सांगू नये म्हणून हे करावंच लागतं. मग संगणक सुरू होताना ४७० पुढे आला, चिप पाहिली आणि ‘हिला ३९० मालिका लागते’ एवढी नोंद कर्नलच्या लॉगमध्ये करून बाजूला झाला. जुन्याला घराबाहेर काढलेलं, नवा म्हणतो हे माझं काम नाही. मधल्या मध्ये तुमचा पडदा काळा.

परत यायची वाट अशी. काळ्या पडद्यावरच कंट्रोल, आल्ट आणि एफ३ एकदम दाबा. पांढऱ्या अक्षरांत लॉगिन विचारेल. नाव टाका, पासवर्ड टाका. पासवर्ड टाइप करताना तारे-ठिपके काहीच दिसत नाहीत, कीबोर्ड बिघडला असं समजून उठू नका. मग ‘सुडो एप्ट पर्ज’ आणि पुढे अवतरणचिन्हांत ‘एनव्हिडिया-*’. ते काय काय काढणार याची यादी दाखवेल, ती वाचा, मगच होकार द्या. संपलं की ‘सुडो रीबूट’. एफ३ ला प्रतिसादच आला नाही, तर संगणक सुरू करताना शिफ्ट दाबून धरा (नव्या मदरबोर्डवर एस्केप), ग्रबच्या (संगणक सुरू होतानाच्या मेनूच्या) यादीतून अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, त्यात रिकव्हरी मोड, तिथून रूट शेल उघडा आणि तीच कमांड द्या.

एवढं करूनही पडदा काळाच राहिला, तर माझी एक दुपार कुठे गेली ते सांगते. लॅबमधल्या एका मशीनवरचा ड्रायव्हर मी तीनदा काढला, तीनदा काळोख. शेवटी सापडलं ते इटीसी फोल्डरमधल्या एक्स११ या फोल्डरात. तिथल्या एक्सऑर्ग-डॉट-कॉन्फ या फाइलमध्ये ‘ड्रायव्हर एनव्हिडिया’ अशी ओळ होती. पूर्वी मीच एनव्हिडियाचं सेटिंगचं साधन चालवून ती फाइल बनवली होती आणि विसरले होते. ड्रायव्हर घरात नाही, पण पाटी त्याचीच. फाइलचं नाव बदललं आणि मशीन सुरू झालं. तुमच्याकडे ही फाइल नसेलही, मिंटला एरवी ती लागत नाही. असली तर पुसू नका, फक्त नाव बदला.

यानंतर तिथे ३९० टाकावा का? टाकता येईल, मिंट २१ मध्ये तो आहे. पण मी टाकणार नाही, नुव्होवरच राहीन. कंपनीचे हे बंद कोडचे ड्रायव्हर कर्नलसोबत येत नाहीत. कर्नलशी जोडणारा त्यांचा भाग दर नव्या कर्नलसाठी तुमच्याच संगणकावर नव्याने बांधला जातो, आणि कर्नलची आतली रचना सतत बदलत असते. वाढत्या अंगाच्या पोराचा शर्ट दर वर्षी उसवून मोठा करावा लागतो, तसं. ३९० च्या शिंप्याने २०२२ अखेर दुकान बंद केलं. डिस्ट्रो (मिंट, उबुंटू अशा लिनक्सच्या आवृत्त्या) सांभाळणारे लोक ठिगळं लावतात, त्यांचे उपकार आहेत, पण ते किती दिवस पुरणार? मिंट २२ च्या यादीत ३९० नाहीच. मिंट २१ ला २०२७ पर्यंत अपडेट मिळतील, तेवढाच त्याचा जीव.

नुव्हो हा फ्रेंच शब्द, अर्थ ‘नवा’. कंपनीने कागदपत्रं दिली नाहीत तेव्हा स्वयंसेवकांनी तिचा ड्रायव्हर कार्डाशी काय बोलतो हे टिपून टिपून तो लिहिला, आणि २०१० मध्ये २.६.३३ या आवृत्तीपासून तो कर्नलच्या मुख्य कोडमध्ये आला. त्याची मर्यादाही सांगते: फर्मी कार्ड त्याच्याखाली सुरू होतानाच्या कमी वेगावरच चालतं, गेम रडतखडत चालतात. पण तुमच्या खोलीत लिबरऑफिस, जिओजेब्रा आणि स्क्रॅच चालत असणार. त्याला काय होतंय?

खरं तर मी आणखी एक पाऊल पुढे जाईन. आय३-४१३० मध्ये इंटेलचे एचडी ४४०० ग्राफिक्स आतच आहेत आणि त्यांचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आहे. वीज बंद करून वायर काढा, फर्मीचं कार्ड उपसून खोक्यात ठेवा, मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या मागच्या सॉकेटला लावा. बहुतेक वेळा काहीही न करता चित्र येतं, नाही आलं तर बायोसमध्ये आतले ग्राफिक्स चालू करा. पंख्याची घरघर जाईल, वीज वाचेल, आणि कोणता ड्रायव्हर हा प्रश्नच उरणार नाही. केप्लरचं कार्ड चालतंय, त्याला हात लावू नका.

आणि सर, पुढच्या वेळी ड्रायव्हर बदलण्याआधी टाइमशिफ्टमध्ये (संगणक पूर्वस्थितीत आणणारं मिंटमधलं साधन) एक स्नॅपशॉट घ्या. पाचेक मिनिटांचं काम आहे.

प्रश्न: रायझन ५ ५६००जी, वेगळं कार्ड नाही, उबुंटू २४.०४. एएमडीच्या साइटवरचा ड्रायव्हर टाकू का?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर: नको. एएमडीजीपीयू हा ड्रायव्हर २०१५ पासून कर्नलमध्ये आहे, वरचं चित्र काढायचं काम मेसा नावाचं सॉफ्टवेअर करतं, दोन्ही तुमच्याकडे आधीच बसलेले आहेत. एएमडीचं वेगळं पॅकेज विशिष्ट व्यावसायिक कामांसाठी असतं. विंडोजची सवय म्हणून हात शिवशिवतात, पण काही करू नका.

प्रश्न: मावशी, माझ्या लॅपटॉपमध्ये इंटेलसोबत जीटीएक्स १६५० आहे. उबुंटूवर एनव्हिडियाचा ड्रायव्हर टाकताना त्याने एक पासवर्ड ठरवायला सांगितलं, तो मी दिला. रीस्टार्ट झाल्यावर निळा पडदा आला, त्यावर ‘परफॉर्म एमओके मॅनेजमेंट’ असं काहीतरी होतं. मी घाबरून पहिलाच पर्याय दाबला आणि पुढे गेले. आता ब्लेंडरमध्ये कार्ड दिसत नाही, रेंडरला रात्र जाते.
— ॲनिमेशनची विद्यार्थिनी, लातूर

उत्तर: तो पहिला पर्याय ‘कंटिन्यू बूट’. तू दाबलास म्हणजे सहीची ओळख पटवायची राहिली. तुझ्या लॅपटॉपमध्ये सिक्युअर बूट चालू आहे, ते सही नसलेला ड्रायव्हर कर्नलमध्ये घेत नाही. उबुंटूने ड्रायव्हरवर स्वतःची सही केली, पण ही सही ओळखीची आहे हे लॅपटॉपला तूच समोर बसून सांगायचं असतं. तो निळा पडदा त्यासाठीच होता.

तो परत बोलावता येतो. टर्मिनलमध्ये ‘सुडो अपडेट-सिक्युअरबूट-पॉलिसी --एनरोल-की’ दे. नवा पासवर्ड मागेल, तो साध्या अक्षरांचा आणि आकड्यांचा ठेव, कारण निळ्या पडद्यावर कीबोर्डची मांडणी अमेरिकी असते आणि तुझी खास चिन्हं तिथे दुसऱ्याच जागी सापडतील. कागदावर लिहून घे. मग रीस्टार्ट कर आणि लॅपटॉपसमोरून हलू नकोस, तो पडदा जेमतेम दहा सेकंद वाट बघतो. कोणतंही बटण दाब, ‘एनरोल एमओके’, ‘कंटिन्यू’, ‘येस’, पासवर्ड, ‘रीबूट’.

सुरू झाल्यावर टर्मिनलमध्ये ‘एनव्हिडिया-एसएमआय’ टाइप कर. चौकटीत कार्डाचं नाव, तापमान दिसलं की ड्रायव्हर कामाला लागला. ब्लेंडरच्या प्रेफरन्सेसमध्ये सिस्टीमखाली कुडा निवड, आणि प्रत्येक फाइलच्या रेंडर सेटिंगमध्ये डिव्हाइस जीपीयू कर. हे दुसरं बहुतेक जण विसरतात आणि पुन्हा रात्रभर प्रोसेसरच राबतो. बॅटरीसाठी ‘सुडो प्राइम-सिलेक्ट ऑन-डिमांड’ ठेव: एरवी इंटेल चालेल आणि मागितलं तेव्हाच मोठं कार्ड जागं होईल. चौकटीऐवजी चूक दाखवली, तर ती ओळ जशीच्या तशी उतरवून पाठव. ‘काहीतरी होतं’ असं नको.