विदर्भात नदीकाठच्या पक्क्या रस्त्याने सोपी सायकल सफर कुठे करता येईल?
युरोपात डॅन्यूब नदीकाठी जर्मनीतील पासाऊ ते ऑस्ट्रियातील व्हिएन्ना असा सायकलींचा सलग पक्का मार्ग आहे. तसा आपल्या खेड्यापाड्यांत अपेक्षू नये. तरी नवख्यांनी सेवाग्रामहून वर्ध्यामार्गे पवनारला अवश्य जावे, कारण रस्ता डांबरी आहे, अवघड चढ नाहीत, आणि विनोबांनी १९५९ साली स्थापन केलेल्या ब्रह्मविद्या मंदिर या आश्रमालगत धाम नदी खडकांमधून वाहताना निवांत पाहता येते. दिवाळीनंतर, भल्या पहाटे निघावे. उशीर झाल्यास वाहनांची वर्दळ वाढते.

खरा त्रास बाभळीच्या काट्यांचा. पंक्चर झाल्यास नवी ट्यूब घालण्यापूर्वी टायरच्या आतून बोट हळुवार फिरवून मोडलेले टोक शोधून काढावे, अन्यथा तेच नव्या ट्यूबला पुन्हा टोचते.