इंबोल्क: नोकरी, शाळा आणि पाळणाघर सांभाळून ३१ जानेवारीची संध्याकाळ

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डब्लिनमध्ये दोघंही पूर्णवेळ नोकरीला, मुलं आठ आणि चार वर्षांची. नवऱ्याच्या घरी इंबोल्क, म्हणजे वसंताच्या सुरुवातीचा जुना आयरिश सण, मनापासून पाळतात आणि तुम्हालाही तो घरात हवा आहे. पण आधुनिक पेगन, म्हणजे ख्रिस्तपूर्व धर्म नव्याने पाळणाऱ्यांच्या, पुस्तकांत दिलेली वेदी, चार दिशांचं आवाहन, ध्यान, पठण हे आठवड्याच्या मधल्या दिवशी बसवायचं कसं? त्यात संक्रांतीचं हळदीकुंकूही त्याच सुमारास येतं.

वेदी आणि आवाहन सरळ वगळा. आठ सणांचं जे वर्षचक्र पुस्तकांत दिसतं, ते आजच्या रूपात १९५० च्या दशकात ब्रिटनमध्ये आकाराला आलं, आणि त्यातले विधी जमून आलेल्या मोठ्या माणसांच्या गटासाठी रचलेले आहेत. आयर्लंडमधला इंबोल्क त्याहून कितीतरी जुना आणि अगदी घरगुती. मेंढ्या विण्याचे दिवस, दुभत्याची सुरुवात, उंबरठा, चूल, रात्रीचं जेवण, एवढ्यातच तो होतो. म्हणजे तो नेमका त्याच जागी घडतो जिथे तुम्ही संध्याकाळी साडेसहाला तशाही उभ्या असता. वेगळा वेळ काढायला गेलात तर तो सापडणार नाही; स्वयंपाकात आणि झोपायच्या तयारीतच तो बसवायचा.

आधी तारखेचं. सण १ फेब्रुवारीचा आणि ब्रिजिडचा (ती जुनी आयरिश देवीही आणि त्याच नावाची ख्रिस्ती संतही), पण खरा मान आदल्या रात्रीचा, ३१ जानेवारीच्या सूर्यास्तापासून. डब्लिनला त्या दिवशी सूर्य साधारण पाच वाजता मावळतो. तो गाठायची धडपड करू नका, कारण रात्र पुढे आहेच. २०२३ पासून सेंट ब्रिजिडची सार्वजनिक सुट्टी मिळते ती फेब्रुवारीतल्या पहिल्या सोमवारी. १ तारीख शुक्रवारी आली तरच ती त्या शुक्रवारी. म्हणून सुट्टी आणि सण दर वर्षी जुळत नाहीत. २०२७ मध्ये १ फेब्रुवारीच सोमवार आहे, म्हणजे आदली रात्र रविवारची आणि सगळं सोपं. २०२८ मध्ये मात्र १ तारीख मंगळवारी आणि सुट्टी ७ तारखेला. अशा वर्षी सणाचे दोन भाग करा: दाराचा विधी, दिवा, कापड आणि जेवण ३१ च्या रात्री; हातकाम, म्हणजे दारावर लावायचे गवताचे विणलेले क्रॉस (राहिले असतील ते) आणि लोणी, सुट्टीच्या सोमवारी. हे सगळं पुढे एकेक करून सांगते. उलटं केलंत, म्हणजे रात्रीचा भाग ‘सोमवारी सावकाश करू’ म्हणून ढकललात, तर बहुतेक वेळा दोन्ही राहून जातात.

रात्रीचा क्रम सांगते. सव्वासहाला सगळे घरात आले असं धरलं आहे.

दिवसभरात एकच काम: उंबरठा आणि शेगडी पुसून घेणं. सगळं घर आवरायला घेऊ नका, तिथेच संध्याकाळ संपते. मग थोरल्या मुलाला किंवा मुलीला रशची जुडी घेऊन बाहेर पाठवा, सोबत एक मोठं माणूस. रश म्हणजे इथल्या पाणथळ कुरणांत उगवणारं, दिसायला लव्हाळ्यासारखं, हिरवं, गोल देठाचं गवत. बाहेरच्याने दारावर तीनदा ठोठवायचं आणि हाक द्यायची: गुडघे टेका, डोळे उघडा आणि ब्रिजिडला आत येऊ द्या. आतल्यांनी म्हणायचं: ये, ये, तुझं स्वागत आहे. असं तीनदा, मग दार उघडायचं. ही उत्तरेकडची, विशेषतः डोनेगॉलची चाल. नवऱ्याला आयरिशमधले शब्द येत असतील तर ते त्याने म्हणावेत, नाहीतर मराठीत म्हणा, काही बिघडत नाही. फ्लॅट असेल तर बाहेरच्या पॅसेजमधून करा, फक्त शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा. यात पाच मिनिटांपेक्षा जास्त जात नाही. पूर्ण सणातलं एकच काही ठेवायचं झालं तर हे ठेवा. मुलांच्या लक्षात राहतं ते हेच, आणि चार वर्षांचं मूलही यात पूर्ण भाग घेऊ शकतं.

जुडी जेवणाच्या टेबलाखाली ठेवायची आणि जेवायला बसायचं. जुना बेत बटाटे आणि लोण्याचा. कॉलकॅनन म्हणजे पालेभाजी घालून घोटलेले बटाटे. त्याला चौघांना १ किलो पिठूळ बटाटे (रूस्टर जातीचे चालतात), २५० ग्रॅम केल (कोबीच्या कुळातली पालेभाजी) किंवा कोबी, १०० मिलिलिटर गरम दूध, ६० ग्रॅम लोणी आणि पातीचा कांदा. केल वेगळी उकडून घट्ट पिळून घ्या. पाणी राहिलं तर सगळा गोळा सैल होतो. बटाटे हाताने घोटा. मिक्सरला लावले की स्टार्च सुटून ते खळीसारखे चिकट होतात. कुकरमध्ये उकडले तर झाकण पडल्यावर लगेच काढा आणि दोन मिनिटं वाफ जाऊ द्या. मध्यभागी खळगा करून त्यात लोणी.

जेवताना खिडकीत एक दिवा. उघडी ज्योत ठेवायची तर पडदे बांधून, जाड बुडाच्या काचेच्या भांड्यात, आणि मोठं माणूस त्या खोलीत असेतोवरच. झोपायला जाताना विझवायची. धाकट्याच्या हातात बॅटरीचा दिवा द्या.

झोपण्याआधी ब्रिजिडचं कापड. सुती कापडाचा तुकडा, साधारण ३० बाय ६० सेंटीमीटर, बाहेर झुडपावर किंवा खिडकीच्या कठड्यावर ठेवायचा. त्या रात्री ब्रिजिड तिथून जाते आणि त्याला स्पर्श करते, अशी श्रद्धा. वर्षभर ते डोकेदुखीला, घशाला बांधायला ठेवतात. दर वर्षी तेच कापड बाहेर ठेवावं, म्हणजे त्याचा गुण वाढत जातो असं मानतात. कपड्यांच्या दोन चिमट्यांनी ते पक्कं करा, कारण या दिवसांत वारा फार असतो आणि सकाळी कापड दिसलं नाही की मुलं हिरमुसतात. ते सूर्योदयापूर्वी आत आणायचं, पण सूर्योदयच आठ वाजून दहा मिनिटांच्या आसपास असतो, म्हणजे शाळेची तयारी चालू असतानाच. वेगळा गजर लावायची गरज नाही. ओलं असेल तर रेडिएटरवर वाळवा. ताप चढला तर डॉक्टरच, हे तुम्हाला सांगायला नकोच.

आता क्रॉस. यातच सगळ्यात जास्त घोळ होतो, म्हणून सविस्तर.

रश जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात शेतकरी बाजारात किंवा फुलवाल्याकडे चौकशी केली तर मिळू शकते. कुरणातून आणायची तर मालकाला विचारून. कापायची नाही, हाताने उपटायची, ही रीत. ताजी जुडी ओल्या टॉवेलात गुंडाळून गारव्यात ठेवली तर काही दिवस टिकते. सुकली की वाकवताना तडकते. तडकायला लागली तर कोमट पाण्यात थोडा वेळ भिजवून, पुसून घ्या. गव्हाचं काड वापरणार असाल तर ते तासभर तरी भिजवायलाच हवं.

एका क्रॉसला साधारण ३० सेंटीमीटरच्या, सारख्या जाडीच्या १७ काड्या घ्या. एक काडी उभी धरा. दुसरी मधोमध दुमडून पहिलीच्या मध्याभोवती घाला, दोन्ही टोकं उजवीकडे. आता सगळं घड्याळाच्या उलट दिशेने पाव वळण फिरवा, म्हणजे ती टोकं वर जातील. तिसरी काडी दुमडून, वर आलेल्या सगळ्या काड्यांवरून घाला, टोकं पुन्हा उजवीकडे. पुन्हा पाव वळण. प्रत्येक नवी काडी आधीच्या काडीला खेटून, मध्याकडे दाबून बसवायची, एकीवर दुसरी चढता कामा नये. चार वळणांची एक फेरी, अशा चार फेऱ्या झाल्या की मध्ये विणलेला चौकोन स्पष्ट दिसतो. चारही हात दोऱ्याने बांधा, टोकं सारखी कापा.

बिघडतं ते तीन ठिकाणी. मध्यावरचा अंगठा सुटतो आणि सगळं सैल पडतं. म्हणून मुलाने फक्त धरायचं आणि मोठ्याने घालायचं, किंवा उलट. फिरवायची दिशा मध्येच बदलते, मग दोन हात जाड आणि दोन बारीक होतात. असं झालं तर तिथपर्यंत उसवा, पुढे रेटून ते सुधारत नाही. आणि बांधण्याआधी कापलं की काड्या निसटतात. बांधताना दोरा आवळून घ्या, कारण रश वाळल्यावर आकसते आणि सैल गाठ पंधरवड्यात गळून पडते. चार वर्षांच्या मुलाला रश देऊ नका, त्याच्या बोटांत तेवढा जोर नसतो. रंगीत पाइप क्लीनर द्या: तीच पद्धत, नऊ काड्या पुरतात आणि दुमडलेलं जागेवर राहतं. थोरल्याच्या शाळेतही त्या आठवड्यात क्रॉस करून घेतात बहुधा. तो घरी आला तर तोच दारावर लावा आणि ३१ च्या रात्री तुम्ही काहीच विणू नका.

लोण्याला सुट्टीचा सोमवार बरा. झाकणाच्या बरणीत अर्ध्यापर्यंत, साधारण २५० मिलिलिटर, फ्रीजबाहेर तासभर ठेवलेलं ताजं क्रीम घालून हलवायचं, आळीपाळीने दहा ते पंधरा मिनिटं. मध्येच ते घट्ट होऊन बरणीला चिकटतं आणि आवाज बंद होतो. मुलं तिथे ‘झालं’ म्हणतात. ते झालेलं नसतं, फक्त फेटलेलं क्रीम झालेलं असतं. आणखी दोनतीन मिनिटांत धप्पकन गोळा सुटतो. गार पाण्यात दोनतीनदा, पाणी नितळ दिसेपर्यंत धुवा, नाहीतर लोणी लवकर खवट होतं. शंभर ग्रॅमच्या आसपास निघेल.

उरलेलं ताक सोडा ब्रेडला वापरायचा मोह होईल. आपल्याकडे लोणी विरजलेल्या सायीचं, म्हणून ताक आंबट. इथे क्रीम गोडं, त्यामुळे ताकही गोडं, आणि आम्लाशिवाय खाण्याचा सोडा फुलत नाही. ब्रेड दगड होतो आणि साबणासारखा लागतो. एक चमचा लिंबाचा रस पिळून दहा मिनिटं ठेवा, किंवा बाजारातलं आंबवलेलं बटरमिल्क घ्या. लहान ब्रेडला २२५ ग्रॅम मैदा, अर्धा चमचा सोडा, अर्धा चमचा मीठ, १७५ ते २०० मिलिलिटर ताक. मळायचं नाही, जेमतेम गोळा करायचा, वर खोल फुली मारायची आणि २०० अंशांवर अर्धा तास.

सासूबाई चर्चला जाणाऱ्या असतील तर ‘देवी की संत’ हा वाद टेबलावर आणू नका. जुन्या आयरिश ग्रंथांत ब्रिजिड ही काव्य, वैद्यकी आणि लोहारकाम यांची देवी आहे, आणि त्याच नावाची संत किल्डेअरची. क्रॉस, कापड आणि दार दोन्हींना सारखंच. १९९३ मध्ये किल्डेअरला तिची ज्योत पुन्हा पेटवली ती ब्रिजिडाइन संघाच्या कॅथलिक ननांनीच. सुट्टीच्या शनिवार-रविवारी तिकडे जायचा बेत असेल तर तिथल्या ब्रिजिडच्या विहिरीजवळ झाडाला चिंधी बांधायची रीत दिसेल, पण नायलॉनची बांधू नका. ती कुजत नाही आणि फांदीत रुतते.

हळदीकुंकवाची काळजी करू नका. ते रथसप्तमीपर्यंत केव्हाही घेता येतं, आणि ३१ जानेवारी हलत नाही. म्हणून हळदीकुंकू त्या मुदतीतल्या वेगळ्या एखाद्या शनिवारी ठेवा. एकाच संध्याकाळी दोन्ही घेतलीत तर पाहुण्यांच्या गडबडीत दाराचा विधी हमखास बारगळतो.

गेल्या वर्षीचा क्रॉस दारावर असेल तर नवा लावताना तो उतरवून शेकोटीत घाला. शेकोटी नसेल तर कंपोस्टमध्ये, पण आधी दोरा आणि रबर काढून.