ओटा पुसून होईपर्यंत मुलं झोपलेली असतात

"मॅडम, माझं टाइम मॅनेजमेंट चुकतंय. तेवढं शिकवा." खुर्चीत बसता बसताच तिने सांगून टाकलं. पर्सही मांडीवरून खाली ठेवली नव्हती.

तिला इथे मृणाल म्हणते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. घर डोंबिवलीत, नोकरी मुंबईत. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा पाच. सकाळी साडेसातला घर सोडायचं, त्याआधी डबे. संध्याकाळी सव्वासातला दारात चपला काढल्या की थेट ओट्यापाशी. जेवणं, मागचं आवरणं, दूध तापवणं, उद्याची भाजी निवडणं. ती खोलीत जाते तेव्हा पावणेअकरा वाजलेले असतात. "परवा मुलगी शाळेतलं काहीतरी सांगत होती आणि मी म्हटलं, आधी दप्तरातून डबा काढ. मग ती बोललीच नाही." एवढं सांगितलं आणि रडू आलं.

हा प्रश्न घेऊन महिन्यातून दोघी-तिघी तरी माझ्याकडे समुपदेशनाला येतात. माणसं वेगळी, ओटा तोच.

पहिल्या भेटीत मी चुकले. मला स्वयंपाकाची हौस, त्यामुळे ऐकायचं सोडून युक्त्याच सांगत सुटले. रविवारी आलं-लसूण वाटून ठेवा, दाण्याचं कूट करून ठेवा, कांदा-टोमॅटो परतून डब्यात भरा. डाळ अर्धा तास भिजवलीत तर शिट्ट्या कमी लागतील, वरण, भात आणि बटाटे एकाच कुकरला लावा. मृणालने सगळं लिहून घेतलं आणि सगळं केलं. दोन आठवड्यांनी आली ती जास्तच दमलेली. "आधी रविवारी दुपारी तासभर पडायचे तरी!" युक्त्या खोट्या नव्हत्या, पण त्या सगळ्या पुन्हा तिच्याच अंगावर पडल्या होत्या.

मग तिला एकच काम दिलं. एका संध्याकाळचा हिशेब, घड्याळ बघून, कागदावर. तिने आणलेल्या पानावर हळदीचं बोट उमटलेलं होतं. '७.२० फ्रिज उघडला. काय करू? ७.२६ आईंना विचारलं. म्हणाल्या, काहीही कर. ७.३० कोबी. ७.५० फोडणी, मोहरी संपलीय. ह्याला पाठवलं. खालून फोन, बारीक आणू की जाडी? ९.५० भांडी. डबा दप्तरातच.' शेवटची ओळ दोनदा गिरवलेली होती: '१०.०५ हा म्हणतो, सांगायचं ना, मी केलं असतं.'

आम्ही बेरीज केली. गॅससमोर उभं राहून केलेला स्वयंपाक जेमतेम पन्नास मिनिटांचा. बाकीचा वेळ ठरवण्यात, शोधण्यात, विचारण्यात आणि सांगण्यात गेलेला. त्याला कुठलाही मिक्सर पुरा पडत नाही.

पुढच्या भेटीला दोघांना बोलावलं. नवरा हिशेबनीस, माणूस सरळ. "मी करतो की मदत. सांगितलं की करतो." मी त्याला २०१९च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणातले आकडे सांगितले: घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात जातात, करणाऱ्या पुरुषांची ९७. त्याने २९९चे तास केले, जवळजवळ पाच, आणि गप्प झाला. मग म्हणाला, "माझी सत्त्याण्णवसुद्धा होत नसतील."

त्याच्याच भाषेत म्हटलं, मदत राहू द्या, एक खातं घ्या. डबे तुमचे. काय द्यायचं ते ठरवणं, भाजी आणणं, चिरणं, करणं आणि संध्याकाळी दप्तरातून रिकामा डबा काढून त्यात पाणी घालून ठेवणं, सगळं. अधेमधे विचारायला यायचं नाही. रात्रीच्या पोळ्या कोपऱ्यावरच्या पोळी-भाजी केंद्रातून आणायच्या. सासूबाई विकतच्या पोळ्यांना नाक मुरडतील असं दोघांनीही धरून ठेवलं होतं. त्या म्हणाल्या, "चाळीस वर्षं लाटल्या. मनगट दुखतं माझं. आणा खुशाल."

अडली ती मृणालच. तिसऱ्या दिवशी त्याने भेंडी धुऊन, न पुसताच चिरली. कढईत चिकट लगदा. हिने त्याच्या हातातलं उलथनं काढून घेतलं आणि दुसरी भाजी टाकली. मी विचारलं, "लगदा डब्यात गेला असता तर काय झालं असतं?" बराच वेळ गप्प होती. "लोक मला बोलले असते. त्याला कोण बोलतंय?" हे तिचं खरंच होतं, मी खोडून काढलं नाही. एवढंच ठरवलं की महिनाभर तो ओट्याशी असेल तेव्हा तिने आंघोळीला जायचं. डबा दोनदा परत आला तर येऊ द्यायचा.

आवरण्याचं मात्र फार अवघड गेलं नाही. कढई रिकामी झाली की लगेच पाणी, ज्याचं ताट त्याने विसळायचं, ओटा दोघांनी मिळून. अडचण एकच: रात्री खरकटी भांडी ठेवली की लक्ष्मी रुसते, हे तिला माहेरून मिळालेलं. (झुरळांपुरतं त्यात तथ्य आहेच.) तेव्हा भांडी खरकटं काढून, विसळून, एकात एक घालून ठेवायची. घासायला सकाळी मावशी येतात.

दोन महिन्यांनी आली तेव्हा पर्स शेजारच्या खुर्चीवर होती. साडेनऊला ओटा कोरडा होतो म्हणाली. आठवड्यातून तीनदा बटाटाच असतो, त्यावर ती काही बोलत नाही, म्हणजे न बोलण्याचा प्रयत्न करते. भेंडी आता सुटी होते. "मुलगी परवा दप्तरातून डबा काढताना ओरडली, बाबा, आजची भाजी भारी होती!" सांगताना ती हसली. मग जरा थांबून म्हणाली, "पण खरं सांगू? मला ते थोडं लागलं."

पुढच्या भेटीचा विषय म्हणून ते मी वहीत लिहून ठेवलं.