‘मॅडम, त्या सिनेमातल्या मुलीसारखं माझं होईल का?’

‘ब्लॅक स्वान’ हा चित्रपट पाहिल्यापासून मुलगी नीट झोपत नाही, अशी तक्रार घेऊन एक आई आपल्या एकोणीस वर्षांच्या मुलीला माझ्याकडे समुपदेशनासाठी घेऊन आल्या. मुलगी लहानपणापासून कथक शिकत होती आणि विशारदच्या अंतिम परीक्षेला दोन महिने उरले होते. (हे लिहिण्यास तिची संमती आहे, ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) चित्रपटाने मुलीच्या डोक्यात नको ते भरवले, असे आईंचे म्हणणे होते. त्या बाहेर जाऊन बसल्यावर मुलीने हळूच विचारले, “मॅडम, मलाही वेड लागेल का?”

२०१० सालच्या या चित्रपटात न्यूयॉर्कमधील नीना नावाच्या बॅले नर्तिकेला ‘स्वान लेक’मधील पांढरी आणि काळी अशा दोन्ही हंसिनी साकारायच्या असतात. पांढरीसाठी लागणारी शिस्त तिच्या अंगात मुरलेली असते, परंतु काळीसाठी लागणारे स्वतःला सोडून देणे तिला जमत नाही. त्या धडपडीत तिला भास होऊ लागतात, आपल्या पाठीतून पिसे उगवत आहेत असे दिसू लागते, आणि अखेरीस जखमी अवस्थेत ती आपण परिपूर्ण ठरल्याचे समाधान व्यक्त करते.

वेड लागण्याची भीती ही चिंतेने ग्रासलेल्या माणसांत नेहमी आढळते, आणि भीती वाटणे म्हणजे भास होणे नव्हे. तरीही केवळ धीर देऊन मी कोणाला घरी पाठवत नाही. कोणी नसताना आवाज ऐकू येतात का, लोक आपल्या वाईटावर टपले आहेत असे ठामपणे वाटते का, जेवण कमी केले आहे का, पाळी चुकते का, स्वतःला इजा करावीशी वाटते का, हे सगळे मी तिला स्पष्ट विचारले. यांपैकी एकाचेही उत्तर ‘होय’ आले असते तर तिला त्याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले असते. तसे काही नव्हते. नीनाला जे होते तो मनोविकार आहे. अचूकतेचा ध्यास एवढ्याच कारणाने तो जडत नाही, हे मी तिला सांगितले.

ती थोडी सैलावली, पण उजव्या हाताच्या अंगठ्याची कातडी सोलणे काही थांबले नाही. नखाच्या कडेला ओली लाल रेघ दिसत होती. रियाज कसा चालला आहे, असे विचारल्यावर तिने मोबाईल पुढे केला. त्यात एकाच चक्रदार तिहाईच्या (तीनदा घेऊन समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, संपणाऱ्या रचनेच्या) तेहेतीस चित्रफिती होत्या आणि त्या सगळ्या ती आवाज बंद करून पाहत असे, कारण आवाज असला की हाताची चूक नजरेतून सुटते. कथक करणारी मुलगी तबला, पढंत (तोंडाने म्हटलेले बोल), घुंगरू सगळे बंद करून स्वतःला पाहत होती, हे मला त्या चित्रपटातल्या कुठल्याही प्रसंगापेक्षा अधिक अस्वस्थ करणारे वाटले.

पुढच्या भेटीत तिने खरी गोष्ट सांगितली. “मला भीती वाटली ती शेवटाची नाही. शेवट मला आवडला. असं एकदा तरी व्हावं असं वाटलं, आणि मग मी घाबरले.” झोप उडवणारी गोष्ट ही होती.

पॉल ह्युइट आणि गॉर्डन फ्लेट या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये परिपूर्णतेच्या हट्टाचे प्रकार वेगळे करून मांडले. त्यांतला एक म्हणजे इतरांना आपल्याकडून निर्दोषपणाच हवा आहे, असे धरून चालणे. चित्रपटातील आई ही स्वतः नृत्य सोडावे लागलेली नर्तिका असल्याने आपल्याकडच्या प्रेक्षकाचे बोटही चटकन आईकडे वळते. या आईंना मात्र तोडा आणि तुकडा या कथकमधल्या रचनांतला फरकही ठाऊक नव्हता; मुलगी रात्री जेवली की नाही, एवढीच त्यांची चौकशी असे. दडपण होते ते गुरूंच्या, म्हणजे तिच्या नृत्याच्या ताईंच्या, मनात काय असेल, याविषयी मुलीने स्वतःच बांधलेल्या कल्पनेचे.

म्हणून मी तिला एक काम दिले. वर्गात सर्वांसमोर, ठरवून, एका तिहाईची सम एका मात्रेने चुकवायची, आणि काय होईल ते आदल्या दिवशी लिहून ठेवायचे. ती दोन आठवडे टाळाटाळ करत राहिली, आणि मीही घाई केली नाही. शेवटी तिने वहीत लिहिले : “ताई मला मागच्या रांगेत उभं करतील. लहान मुली हसतील.”

तिसऱ्या आठवड्यात ती वही घेऊन आली. लहान मुलींपैकी कोणाच्याही काही लक्षात आले नव्हते. गुरूंनी “पुन्हा घे” म्हटले आणि त्या चहा प्यायला गेल्या. एकट्या तबलजींनी मान वर करून तिच्याकडे पाहिले, हसून डग्ग्यावर थाप दिली आणि ठेका पुन्हा सुरू केला. हे सांगताना ती स्वतःही हसत होती. अंगठ्याला मात्र अजून पट्टी होती.