अनुदान मिळतंय, मग आधी खिडक्या बदलू का?

प्रश्न : उत्पन्न कमी असल्याने आम्हाला घराची ऊर्जाबचत वाढवण्यासाठी सरकारी अनुदान मिळू शकतं. घर थंडीत गारठतं. आधी खिडक्या बदलाव्यात का?

उत्तर : नको. खिडक्यांवर अनुदानाचा मोठा वाटा खर्च होतो आणि त्या मानाने बचत थोडी होते. आधी हवेची गळती तपासून घ्या. दारात पंखा बसवून घरातला दाब बाहेरपेक्षा ५० पास्कलने कमी केला, की फटींतून येणारा वारा हाताला लागतो. माळ्याच्या तळातली पाइप-वायरींची भोकं बुजवा आणि मगच इन्सुलेशन (उष्णता अडवणारा थर) पसरा. क्रम उलटा झाला तर घरातली दमट हवा इन्सुलेशनमधून वर जाते, थंड छताला पाणी सुटतं आणि लाकूड कुजतं. छत गळत असेल तर दुरुस्ती त्याआधी; तिच्यासाठी वेगळा निधी आहे का, हे जरूर विचारा. हवेची गळती थांबली, की गॅस गीझरचा धूर नीट बाहेर जातो का ते पुन्हा तपासा आणि कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा अलार्म बसवा. यात तडजोड नकोच, जिवाशी गाठ आहे.

भाडेकरू असाल तर घरमालकाची लेखी संमती घ्या. अनुदानाच्या लेखी मंजुरीआधी काम सुरू करू नका. आधीच केलेला खर्च सहसा मिळत नाही.