"मी लिव्हर द्यायला तयार आहे, मग डॉक्टर नाही का म्हणतात?"

हा प्रश्न हल्ली माझ्याकडे बरेचदा येतो. आतड्याचा कॅन्सर लिव्हरमध्ये पसरलाय, ऑपरेशननं गाठी काढता येत नाहीत असं सांगितलंय, आणि घरातलं कोणीतरी मोबाईलवर बघून येतं की बाहेरच्या देशात अशांचं लिव्हरच बदलतात.

मागे बार्शीकडचा एक मुलगा आला (ओळख पटेल असं सगळं बदललंय), सोबत बायको. खुर्चीत नीट बसायच्या आधीच, मॅडम सही कुठं करायची ते सांगा, अप्पांना मी देतो लिव्हर. बायको गप्प, पर्सची चेन नुसती उघड-बंद, उघड-बंद.

त्यानं पाहिलेलं खोटं नव्हतं, ते मी आधी सांगितलं. नॉर्वेत ओस्लोला 2006 पासून हे करून बघितलंय, आणि 2024 मध्ये लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये युरोपातली एक ट्रायल आली, 94 पेशंट, केमो अधिक ट्रान्सप्लांटवाल्या गटात पाच वर्षांनी साधारण 57 टक्के हयात, नुसत्या केमोवाल्यांत 13. तो लगेच पुढं सरकला. पण अरे, ते पेशंट चाळण लावून घेतलेले. मूळ गाठ काढलेली, लिव्हर सोडून कुठंच कॅन्सर नाही, केमोनं आजार काही महिने आटोक्यात राहिलेला, बीआरएएफ नावाच्या जीनमध्ये बिघाड नाही. कारण नवीन लिव्हर टिकवायला प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या लागतात, आणि कुठं कण राहिला असेल तर त्याला रान मोकळं. एवढं करूनही बऱ्याच जणांना तो परत आलाच, जास्त करून फुफ्फुसात.

अप्पांच्या पेट स्कॅनमध्ये (कॅन्सर कुठं कुठं आहे ते दाखवणारा) तर तो पोटातल्या लांबच्या लिम्फ नोडमध्ये, म्हणजे लसिकाग्रंथीतही दिसत होता.

"म्हणजे माझ्या लिव्हरमध्ये प्रॉब्लेम नाही?"

"तुझं लिव्हर आम्ही तपासलंच नाही रे."

मग बायकोला चहाला पाठवलं. डोनरला आम्ही एकट्यालाच भेटतो, हा अजून डोनरही नव्हता, पण ती चेन काही माझ्या डोक्यातून जाईना. तेव्हा निघालं, काका चारचौघांत म्हणाले होते, बापासाठी एवढं नाही करणार तर पोरगा कशाला. घरी दोन वर्षांची मुलगी. डोनरचं अर्ध्याहून जास्त लिव्हर काढतात, ते काही महिन्यांत वाढतं, पण जिवाचा धोका अगदी शून्य नसतो, हे त्याला माहीत होतं आणि रात्री झोप नव्हती. मी सांगितलं, डोनर ऐनवेळी नको म्हणाला तरी आम्ही घरच्यांना "मेडिकली बसत नाही" एवढंच सांगतो.

"मग काकांना सांगू, डॉक्टर नको म्हणाले?"

"सांग की, खरंच आहे ते."

परवा फोन आला. मला वाटलं पुन्हा तेच. तर केमोनंतर अप्पांना गार पाणी प्यायलं की घशात टोचतं, काय करू. म्हटलं ऑक्सॅलिप्लॅटिन या केमोच्या औषधानं होतं तसं, कोमट दे, आणि पुढच्या डोसच्या आधी डॉक्टरांच्या कानावर घाल. माठाचं चालेल का, अप्पा ऐकत नाहीत, म्हणाला.