लावलेले केसच गळायला लागलेत मॅडम, आता काय करू?

मी समुपदेशक आहे, लोकांच्या मनाच्या त्रासावर त्यांच्याशी बोलून काम करते, आणि हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता कोणी टोपी न काढता आत येऊन बसलं की मला साधारण अंदाज येतो. हेअर ट्रान्सप्लांट करून तीन-चार आठवडे झालेले असतात, सुरुवातीचे दिवस आनंदात गेलेले असतात, आणि मग एक दिवस डोकं धुताना पुढचे नवे केस हातात येतात. "फसलो का मी?" हा प्रश्न. कधी डोळ्यात पाणी, कधी क्लिनिकवर राग, कधी स्वतःवरच. म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच काढावं, म्हणजे जो कोणी आत्ता रात्री दोन वाजता आरशासमोर उभा असेल त्याला उपयोग होईल.

ज्याच्याबद्दल सांगतेय तो ३१ वर्षांचा. नाव आणि ओळख पटेल असं काही लिहीत नाही, त्याला विचारूनच लिहितेय. पहिल्याच दिवशी म्हणाला, "मॅडम मला अहोजाहो करू नका, मी आधीच म्हातारा दिसतो." हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं, कारण पुढे सगळी गाठ तिथेच सुटणार होती. अर्थात ते तेव्हा मलाही कळलं नव्हतं.

एफयूई पद्धतीने त्याचं ट्रान्सप्लांट झालं होतं, म्हणजे डोक्याच्या मागच्या भागातून एकेक मूळ सुटं काढून पुढे लावतात ते. कपाळावर सूज आली, तिसऱ्या दिवशी ती डोळ्यांपर्यंत उतरली, मग गेली. खपल्या धरल्या, दहाव्या दिवसापर्यंत पडल्या. पुढे बारीक खुंट दिसायला लागले आणि हा खूश. आणि मग तिसऱ्या आठवड्यापासून ते खुंट गळायला लागले. क्लिनिकमध्ये फोन केला तर "नॉर्मल आहे, थांबा" एवढंच ऐकायला मिळालं. तीन शब्द, आणि फोन ठेवला. खरं तर ते शब्द बरोबरच होते, पण घाबरलेल्या माणसाला नुसतं बरोबर उत्तर पुरत नाही, त्याच्यासोबत कोणीतरी दोन मिनिटं थांबावं लागतं.

तर ते उत्तर इथे पूर्ण सांगते. लावलेल्या केसाचा वरचा भाग गळतो, मूळ आतच असतं. एका जागेवरून दुसऱ्या जागी गेल्याचा धक्का बसला की मूळ विश्रांती घेतं. आपला प्रत्येक केस तसाही काही वर्षं वाढतो आणि मग साधारण तीन महिने विश्रांती घेतो, इथे फक्त सगळे एकदम विश्रांतीला जातात. म्हणून नवीन केस दिसायला तिसरा-चौथा महिना उजाडतो. ते पण आधी बारीक, वेडेवाकडे येतात आणि महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतात. सहाव्या महिन्यात फरक दिसतो, खरा निकाल बारा महिन्यांनी, आणि टाळूवर मागे लावले असतील तर कधी कधी दीड वर्ष. आजूबाजूचे जुने केसही काही दिवस विरळ होऊ शकतात, बहुतेक वेळा तेही परत येतात.

हे सगळं मी त्याला सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "माहितीये मॅडम."

त्याला माझ्यापेक्षा जास्त माहिती होती! सगळे महिने पाठ होते. तरी तो रोज पहाटे चारला उठून उशीवरचे केस मोजत होता. मग मी माहिती देणं थांबवलं आणि त्याला म्हटलं, तू फोटो काढत असशील ना? दाखव मला.

फोनमध्ये वेगळा अल्बम होता. ६१२ फोटो. समोरून, वरून, डावीकडून, ओले केस, कोरडे केस, ट्यूबलाइटखाली, खिडकीपाशी. मी खरंच बघत बसले, घाई केली नाही. पाच-सात मिनिटं आम्ही दोघंही काही बोललो नाही. मग मी विचारलं,

"यात तू कुठेयस?"

"म्हणजे? हे सगळे माझेच आहेत."

"भुवया दिसतायत. कपाळ दिसतंय. मला तुझे डोळे असलेला एक फोटो काढून दे ना यातला."

तो शोधायला लागला. आधी पटापट, मग हळूहळू. शेवटी एक सापडला. त्यात चुकून अर्धा चेहरा आला होता आणि डोळे मिटलेले होते.

फोन त्याने टेबलावर पालथा ठेवला. बराच वेळ गप्प होता. अशा वेळी समोरच्याला सावरायला जायचं नाही हे मला शिकायला बरीच वर्षं लागली, त्या दिवशी ते जमलं. मग तो म्हणाला, "मॅडम, यातले निम्म्याहून जास्त फोटो ऑपरेशनच्या आधीचे आहेत. दोन वर्षांपासूनचे. मला वाटलं होतं ऑपरेशन झालं की हे बंद होईल. आधी गेलेले मोजायचो, आता येणारे मोजतोय."

हे त्याने स्वतः म्हणणं मला फार महत्त्वाचं वाटतं. मी सांगितलं असतं तर ते एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडलं असतं.

आणि त्याच क्षणी मला एक गोष्ट सुचली, जी मी तेव्हापासून कितीतरी जणांना सांगितलीये. नॉर्मन ओरेंट्राइख नावाचे अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञ होते, त्यांनी १९५० च्या दशकात टक्कल पडलेल्या जागी मागचे केस लावून बघितले आणि १९५९ मध्ये त्यावर लिहिलं. त्यांना दिसलं की केस जिथून आणला तिथला स्वभाव तो सोडत नाही. पुरुषांना टक्कल पडतं ते मुख्यतः डीएचटी नावाच्या हार्मोनमुळे, आणि मागच्या भागातल्या केसांवर त्याचा परिणाम फारसा होत नाही, त्यामुळे ते पुढे नेऊन लावले तरी मागच्यासारखेच टिकतात. सगळं हेअर ट्रान्सप्लांट या एका गोष्टीवर उभं आहे. मी त्याला म्हटलं, अरे, तुझ्या चिंतेचंही तेच झालंय. तू तिला 'केस गेले' या जागेवरून उचललंस आणि 'केस येतील का' या जागी लावलंस. जागा बदलली, स्वभाव तोच राहिला. उद्या केस आले की ती 'दाट दिसतायत का' वर जाईल, मग 'टिकतील का' वर. तो माझ्याकडे बघत राहिला आणि पहिल्यांदाच टोपी काढून मांडीवर ठेवली. मी सांगितलं नव्हतं काढायला.

मी ज्या विचारपद्धतीत तयार झाले तिथे असं मानतात की घडलेली गोष्ट आणि आपल्याला होणारा त्रास यांच्या मधे आपण स्वतःशी बोललेलं एक वाक्य असतं. २२ वर्षं मी तेच वाक्य शोधत आलेय आणि अजून एकदाही असं झालं नाही की ते नव्हतंच. त्याचं वाक्य शोधायला आणखी दोन भेटी लागल्या. तो २६ वर्षांचा असताना कामाच्या ठिकाणी नवीन लागलेल्या एका मुलाने, साधारण याच्याच वयाच्या, सगळ्यांसमोर त्याला "काका" म्हणून हाक मारली. मुद्दाम नाही, खरंच चुकून. सगळे हसले.

"तू काय केलंस?"

"त्या दिवशी सगळ्यात जास्त मीच हसलो मॅडम."

घरी येऊन दार लावून घेतलं होतं. त्या रात्री मनात जे वाक्य बसलं ते असं होतं, 'केस नसतील तर मला कोणी मोजणार नाही.' पाच वर्षं हे वाक्य आत चालू होतं आणि ऑपरेशन करून केस लावले, वाक्य तसंच ठेवलं. पहिल्या दिवशीचं ते "आधीच म्हातारा दिसतो" मी वहीतून वाचून दाखवलं, तेव्हा तो नुसता मान हलवत राहिला.

त्या वाक्याशी वाद घालून फार उपयोग नसतो, ते तपासावं लागतं. मी त्याला म्हटलं, उद्या टोपी न घालता कामावर जा, आणि जायच्या आधी कागदावर लिही की भेटलेल्या पहिल्या दहा जणांपैकी किती जण डोक्याकडे बघतील. त्याने लिहिलं आठ. प्रत्यक्षात दोघांनी बघितलं, त्यातल्या एकाने "बरंय का आता" विचारून लगेच कामाचं बोलणं काढलं. तो कागद त्याने पाकिटात ठेवला. आणि रविवारी बहिणीकडे गेला तर तिच्या पाच वर्षांच्या मुलाने थेट विचारलं, "मामा, तुझे केस कुठे गेले?" ज्या प्रश्नाला घाबरून हा दोन वर्षं कुटुंबातल्या कार्यक्रमांना जात नव्हता, तोच प्रश्न. याने सांगितलं, "डॉक्टरांनी मागचे काढून पुढे लावलेत, आता उगवायचेत." भाचा म्हणाला, "मग पाणी घाल," आणि खेळायला पळाला. मला सांगताना त्याचा आवाज जड झाला होता.

आता बाकीच्यांसाठी थोडं. आमचं ठरलं की फोटो महिन्यातून एकदाच, ५ तारखेला, त्याच जागी, त्याच उजेडात, आणि चेहरा पूर्ण आला पाहिजे. रोज बघून केसाची वाढ दिसूच शकत नाही, एका दिवसात वाढतो तो मिलिमीटरचा तिसरा हिस्सा. रोज बघणाऱ्याला रोज 'काहीच नाही' एवढंच दिसतं आणि ते तीसदा बघून माणूस खचतो. उशीवरचे केस मोजणं बंद. रोज ५० ते १०० केस सगळ्यांचेच गळतात, ज्यांना टक्कल नाही त्यांचेही. पहिले दहा दिवस मात्र डॉक्टर सांगतील ते अक्षरशः पाळा, डोकं उंच ठेवून झोपणं, खपल्या न खाजवणं, सिगारेट बंद, व्यायाम आणि पोहणं त्यांनी सांगेपर्यंत नाही. मागच्या भागात काही आठवडे बधिरपणा राहू शकतो. नवे केस फुटताना पुटकुळ्याही येतात. पण दुखणं वाढत गेलं, पू आला, ताप आला किंवा कातडी काळी पडायला लागली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. तिथे माझा काही उपयोग नाही.

औषधांचं एक सांगतेच कारण हे कोणी बोलत नाही. लावलेले केस टिकले तरी मूळचे केस गळत राहू शकतात म्हणून बऱ्याच जणांना फिनास्टेराइड नावाची, गळती रोखणारी गोळी देतात. काहींना त्याने लैंगिक तक्रारी येतात, काहींचं मन खूप उदास होतं. असं झालं तर लाजून गप्प बसू नका, मनानेच गोळी कमीजास्तही करू नका, ज्यांनी दिलीये त्यांना स्पष्ट सांगा. जगणंच नको वाटायला लागलं तर उद्यावर ढकलू नका, घरात कोणालातरी आत्ता सांगा आणि मानसोपचारतज्ज्ञांना त्याच दिवशी भेटा.

आणि जे अजून ऑपरेशनच्या आधीच्या टप्प्यावर आहेत, त्यातही विशीच्या सुरुवातीला असलेली मुलं, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की थांबा. गळती कुठपर्यंत जाणार हे त्या वयात कळत नाही आणि मागच्या केसांचा साठा मर्यादित असतो, एकदा वापरला की परत भरत नाही. दिवसातले तास जर आरशासमोर जात असतील आणि बाकीच्यांना जे दिसतही नाही ते तुम्हाला भयंकर वाटत असेल, तर आधी मनाची बाजू तपासून घ्या, कारण अशा वेळी उत्तम झालेलं ऑपरेशनही समाधान देत नाही, हे मी डोळ्यांनी बघितलंय. बायकांचं वेगळं असतं. बाळंतपणानंतर, मोठ्या आजारपणानंतर दोन-तीन महिन्यांनी मूठमूठ केस गळतात आणि त्यातले बहुतेक आपोआप परत येतात, ऑपरेशनचा विचारही करायची गरज नसते, आधी रक्ततपासणी आणि त्वचारोगतज्ज्ञ.

घरच्यांनो, "केसच तर आहेत, एवढं काय त्यात" हे कृपा करून बोलू नका. तुम्ही धीर द्यायला बोलता, पण त्याला ऐकू येतं की याबद्दल आपल्याकडे बोलायचं नाही.

तो शेवटचा आला तेव्हा पाचवा महिना चालू होता. पुढचे केस आले होते, पण विरळ, एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी. टोपी नव्हती. बहिणीच्या घरच्या कार्यक्रमाचं, नवीन कामाचं, असं बरंच बोलला. मी विचारलं, "या महिन्याचा फोटो?" त्याने फोनमध्ये तारीख बघितली. १४ झाली होती.

"अरेच्चा," तो म्हणाला, "राहिलाच की."